बंटीचा सातवा किल्ला

भूतकाळ कधीही पुसला जात नाही. सदाशिव गराडे याच्या शोकसभेत एका वक्त्याने हे वाक्य डोळे मिटून, आवाज खाली आणून उच्चारलं आणि लोणावळ्यातल्या त्या हॉलमध्ये गंभीर शांतता पसरली. सदा जिवंत असता तर त्याने वक्त्याची कॉलर धरली असती. भूतकाळ पुसला जातो. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये तो रुपयाएवढ्या, तीन व्होल्टच्या एका सेलवर तग धरून असतो आणि सेल उतरला की कसलाही समारंभ न करता नाहीसा होतो, हे सदाने मला मीटर लावून दाखवलं होतं. त्याच वक्त्याने पुढे सदाला ‘अजातशत्रू’ म्हटलं. पहिल्या रांगेतल्या किमान तिघांनी सदाच्या हातचा मार खाल्लेला होता. तिघांनीही माना डोलावल्या.

बातमी मला त्याच्या दुकानाशेजारच्या चष्मेवाल्या मन्सूरने फोनवर दिली. “सर, सदाभाऊ गेले. भांडता भांडता…” शनिवारची दुपार, पर्यटकांची गर्दी, आणि कुणीतरी सदाच्या शटरला खेटून गाडी लावलेली. सदाने आतून जुन्या अँटेनाचा अॅल्युमिनियमचा पाइप आणला, गाडीचा डावा आरसा फोडला, वळसा घालून उजव्या आरशापाशी पोचला, पाइप उचलला आणि तसाच खाली बसला. शिवी अर्धी राहिली. “हॉस्पिटलात कुणी नेलं?” मी विचारलं. “गाडीवाल्यानेच,” मन्सूर म्हणाला, “त्याच गाडीतून.”

सदा मूळचा वडिवळ्याचा. घरची भातशेती भावाकडे सोडून तो लोणावळ्याच्या बाजारात टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करायला बसला. मी तिथल्या शाळेत इतिहास शिकवायचो. आमची ओळख माझ्या टीव्हीमुळे झाली. चित्र थरथरतं, बहुतेक व्होल्टेजमुळे असेल, एवढंच मी म्हणालो. त्याने टीव्ही उचलून माझ्या पोटावर आदळला. “तुमाला कळतंय तर मग तुमीच करा की, सर.” दुसऱ्या दिवशी मी परत गेलो, कारण बाजारात दुसरा चांगला माणूस नव्हता. त्याने दहा मिनिटांत टीव्ही नीट केला आणि शेवटी पेटीला एक बुक्की घातली. मार बसल्याशिवाय वस्तू सुधारत नाही, असं त्याचं मत होतं. माणसांबाबतही तेच. गिऱ्हाइकाला तो स्क्रू-ड्रायव्हर फेकून मारायचा, भावाचा त्याने शेताच्या बांधावर दात पाडला होता, आणि बायकोलाही मारायचा. हे शोकसभेत कुणी बोललं नाही म्हणून इथे लिहितो. मला हे सगळं ठाऊक होतं आणि तरीही मी रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात चहा प्यायला जायचो. याचं समर्थन करता येत नाही. चहा चांगला असायचा.

त्याचा मुलगा नितीन सातवीत माझ्याच वर्गात होता. मी वर्गशिक्षक. सहामाहीला तो गणितात नापास झाला, तेव्हा मी सदाला शाळेत बोलावून प्रगतीपुस्तक हातात दिलं आणि म्हणालो, “मुलाला जरा धाक हवा.” हे वाक्य मी तेव्हा बहुतेक सगळ्याच पालकांना म्हणायचो. सदा घरी गेला. नितीन टीव्हीला गेमचं मशीन जोडून बसला होता. सदाने पिशवीतून हातोडी काढली. पहिला घाव मशीनवर, दुसराही मशीनवर. तिसरा घाव कॅसेटवर पडणार म्हणून पोराने तिच्यावर हात ठेवला… सदाचा हात थांबला नाही. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. ती पुढे जुळली, पण नीट वाकली कधीच नाहीत. त्याच आठवड्यात बायको मुलाला घेऊन तळेगावला माहेरी गेली आणि परत आली नाही. नितीन तिथेच वाढला, शिकला, जवळच्याच नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात लागला. बापाशी पंचवीस वर्षं तो एक शब्द बोलला नाही. फुटलेली कॅसेट मात्र सदाने टाकली नाही. सोल्डरिंगच्या तारेच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवली.

सदा जाण्याच्या तीनेक वर्षं आधी पुण्याचा एक इंजिनीअर जुन्या कॅसेट घेऊन सदाकडे आला. त्याला आतले सेल बदलून हवे होते. सदाने जुना सेल काढला, नवा झाळला, पैसे मागितले. इंजिनीअरने कॅसेट लावून बघितली आणि भर दुकानात रडायला लागला. लहानपणापासून जपलेला त्याचा खेळ गेला होता. चाळिशीचा माणूस खेळासाठी रडतो याचा राग येऊन सदाने त्याच्या कानफटात मारली. मग त्याला पाणी दिलं आणि नीट विचारून घेतलं, की नेमकं काय गेलं. खेळ कॅसेटच्या चिपमध्ये कायमचा असतो, पण खेळणारा कुठपर्यंत पोचला, त्याने नाव काय लिहिलं, हे सेलच्या जिवावर लक्षात राहतं. सेल काढला की ते गेलं. सेल आपोआप संपला तरी गेलं.  संध्याकाळी सदा मला म्हणाला, “सर, माझ्या पोराच्या कॅसेटीत बी सेल हाय.”

तिथून त्याचं नवं काम सुरू झालं. कॅसेट खोचून तिच्यातलं सगळं काँप्युटरवर उतरवून घेणारा एक लहानसा बोर्ड त्याने मागवला. त्याच्याबरोबरचे इंग्रजी कागद मी वाचून दाखवायचे. “ह्ये काय लिव्हलंय?” “आधी कॅसेटचे दात साफ करा.” “मंग तसं सरळ लिव्हायला काय हुतंय त्यांना?” दात म्हणजे कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या पितळी पट्ट्या. खोडरबराने हलके घासायच्या, स्पिरिटने पुसायच्या. टीव्हीला बुक्की घालणारा हा माणूस त्या पट्ट्या तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तशा पुसायचा. त्याने स्वतःचा एक नियम केला होता: एकच कॅसेट दोनदा उतरवायची, दोन्ही प्रती काँप्युटरवर जुळवून बघायच्या, आणि तंतोतंत जुळल्या तरच सेलला हात लावायचा. जुळल्या नाहीत तर पुन्हा घासायची, पुन्हा उतरवायची. पुण्या-मुंबईचे लोक शनिवार-रविवारी कॅसेट घेऊन यायला लागले. कुणी घाई केली की मार खायचा, पण खेळ कुणाचा गेला नाही. त्या इंजिनीअरचा पहिला आणि शेवटचा.

नितीनच्या कॅसेटला मात्र त्याने तीन वर्षं हात लावला नाही. हातोडीने आतल्या बोर्डाला तडा गेला होता, तांब्याच्या दोन बारीक रेघा तुटल्या होत्या. त्या जोडल्याशिवाय काही वाचता येणार नव्हतं आणि जोडताना सोल्डरचा डाग चुकला तर सगळं जाणार होतं. तो दर रविवारी नुसता मीटर लावायचा. दोन पॉइंट नऊ. दोन पॉइंट आठ. कॅसेटवरच्या लेबलावर बॉलपेनने ४१ असा आकडा होता. सदाने एकदा विचारलं, “ह्यो पोराचा पटावरचा नंबर आसंल, न्हाई का?” मी म्हणालो, “असेल.”

मग एका रविवारी मीटर दोन पॉइंट पाचवर आला. सदाने शटर अर्धं ओढलं. मन्सूरकडून भिंग आणलं आणि ते धरायला मला उभं केलं. बाहेर हॉर्नचा कल्लोळ चालला होता. सोल्डरिंगचं आयर्न तापवून, भिंतीतली पिन काढून, मग टोक टेकवायचं अशी त्याची पद्धत, म्हणजे उलट करंट शिरत नाही. केसासारखी तार. पहिली रेघ जुळली. दुसऱ्या रेघेच्या वेळी माझा हात हलला. त्याने वर न बघता कोपर माझ्या बरगडीत असं हाणलं की मला आठ दिवस खोकता आलं नाही. “हलू नका, सर. पाया पडतो तुमच्या.” मारणं आणि पाया पडणं त्याने एकाच श्वासात उरकलं.

पहिली प्रत उतरली. दुसरी उतरली. जुळल्या नाहीत. सदाने टेबलावरची जड पक्कड उचलून भिंतीवरच्या आरशावर मारली, मग खुर्ची लाथाडली, मग स्वतःच्या डोक्यावर दोन्ही हातांनी बडवून घ्यायला लागला, आणि मी त्याला धरायला गेलो तर मलाही दोन बसल्या. नाकातून रक्त आलं. माझ्या. मग त्याने माझ्याच रुमालाने हात पुसले, पट्ट्या पुन्हा घासल्या. तिसरी आणि चौथी प्रत जुळली. खेळ काँप्युटरवर सुरू झाला तेव्हा पडद्यावर नाव होतं बंटी, इंग्रजी अक्षरांत, आणि खाली सात किल्ल्यांची चित्रं, सातही उजळलेली.

“बंटी कोण?” सदाने विचारलं. “घरात तर त्याला कुनी बंटी म्हनत नव्हतं.” मी म्हणालो, मुलं शाळेत काहीही नावं घेतात. वर्गशिक्षकाने सांगितलं म्हटल्यावर त्याला पटलं. त्याने पडद्यावरचे किल्ले बोटाने मोजले. “सातव्या किल्ल्यापत्तुर ग्येलतं पोरगं. आन मी त्याला म्हनलं, तुला कायच येत न्हाई…” त्याने पेनड्राइव्हमध्ये एक प्रत घातली, एक काँप्युटरवर ठेवली, एक सीडीवर. “तुमी द्या त्याला, सर. माझ्या हातचं न्हाई घ्यायचा तो.” पेनड्राइव्ह मात्र त्याने मला दिला नाही. उद्या देतो म्हणाला, मग परवा म्हणाला. पंधरा दिवस तो खिशात घेऊन फिरत होता. पाइप उचलला तेव्हाही तो खिशातच होता.

अग्नी नितीननेच दिला. पलिता त्याने डाव्या हातात धरला होता. महिन्याभराने, एका रविवारी सकाळी, मन्सूरने हॉस्पिटलात सदाच्या खिशातून काढून ठेवलेला पेनड्राइव्ह आणि कापसातली कॅसेट घेऊन मी तळेगावला गेलो. सगळं सांगितलं: तीन वर्षं, मीटर, केसासारखी तार, चौथी प्रत. माझ्या बरगडीचंही सांगितलं, जरा सहानुभूती मिळेल म्हणून. मिळाली नाही. “प्रती जुळवून बघितल्या होत्या?” त्याने विचारलं. माल तपासणाऱ्याचा प्रश्न. मी म्हणालो, “तंतोतंत.” त्याने पेनड्राइव्ह आपल्या काँप्युटरला लावून खेळ सुरू केला, नाव वाचलं आणि माझ्याकडे वळला.

“सर, हा बंटी कोण?”

“तू नाहीस?”

“ही कॅसेट बदलीची होती. जुनी द्यायची, दुसरी घ्यायची, बाजारात दुकान होतं ना? त्याच दुपारी आणलेली. मशीनला लावली आणि बाबा आले. माझा खेळ सुरूच झाला नव्हता.”

“पण तो एक्केचाळीस…”

“दुकानातला नंबर. पटावर माझा बावीस. तुम्हीच हजेरी घ्यायचात, सर.”

त्या दुकानाचा टीव्ही वर्षानुवर्षं सदाच दुरुस्त करायचा. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिथून कॅसेट बदलून आणायची आणि मी त्या जप्त करायचो. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. मी प्रगतीपुस्तकाच्या दिवशी काय म्हणालो होतो, तेही मग त्याला सांगितलं. पंचवीस वर्षं त्याला ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, “बरं.” मला कोपर चाललं असतं.

आता तो काँप्युटर बंद करेल असं वाटलं. त्याने कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि खेळायला लागला. सातव्या किल्ल्याच्या दारात तलवारवाला उभा होता. उडी मारायचं बटण उजव्या हाताला होतं, आणि नितीनची ती दोन बोटं वेळेवर वाकेनात. पहिल्या घावातच तो मेला. खेळ पुन्हा सुरू झाला, तिथूनच, सातव्या किल्ल्यापासून. पुन्हा मेला. त्याने बोटं बदलली, अंगठ्याने दाबून बघितलं, दात खाल्ले, टेबलावर बुक्की घातली. अगदी बापासारखी. मी दोन कप चहा संपेपर्यंत बसून होतो. मी निघालो तेव्हाही तो मरत होता आणि पुन्हा दारात उभा राहत होता. पेनड्राइव्ह त्याने परत दिला नाही. कॅसेट कापसात गुंडाळून टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली.

बाजारातलं ते दुकान केव्हाच बंद झालं आहे. बंटी कोण होता, हे अजून कुणालाही कळलेलं नाही. त्याचा खेळ मात्र तीन ठिकाणी सुरक्षित आहे.