ओटीवरचे पान

वत्सलाताई स्वतःच्याच घराच्या ओटीवर बसून चहा पीत. ओटीच्या कोनाड्यात कान तुटलेल्या दोन कपबशा पालथ्या असत, ज्यांना आत घेत नसत त्यांच्यासाठी. त्यांतली एक ताईंनी स्वतःसाठी उचलली होती. महाडातल्या वकिलांची पत्नी त्या कपाला ओठ लावते, हे येणारेजाणारे पाहत. पाहावे, अशी ताईंची इच्छाही असे.

"माई आज ना उद्या विरघळतील," त्या म्हणत. माई म्हणजे सासूबाई. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांचा पाट असे आणि त्या पाटावरून सारे घर चाले.

मी शेजारची नवी सून. ताईंच्या शिवणवर्गात जाऊ लागले. तिथे सुमती शिकवी. शाळेत शिक्षिका, आईबरोबर नुकतीच बौद्ध झालेली. यंत्राच्या तेलाचा वास, कोऱ्या मांजरपाटाची खळ आणि सुमतीचे टोमणे, असा तो वर्ग होता. "कापडाला विनवण्या कसल्या करता, ताई? कापायचं तिथं कापा!" ताई खळखळून हसत. मग ओटीवर दोघींचा चहा होई, त्याच दोन कपांतून.

सुमतीची पोलादपूरला बदली झाली, तेव्हा ताईंनी तिला जेवायला बोलावले. "आत, पंगतीत. माझा शब्द."

माईंनी आवाज चढवला नाही. "ती आत आली की या घरातलं माझं पान उठलं. कायमचं."

वर्तमानपत्राआडून वकील म्हणाले, "वय झालंय तिचं. जरा दमानं घे."

त्या दुपारी आमसुलाच्या साराचा वास रस्त्यापर्यंत आला होता. सुमती पायरीशी आली, तेव्हा ओटीवर केळीची दोन पाने मांडलेली होती.

"मीही इथंच बसते, तुझ्याबरोबर," ताई म्हणाल्या. ओल्या पानाची कड त्या बोटांनी सारखी करीत होत्या.

सुमतीने चपला काढल्याच नाहीत. "ताई, तुम्ही इथं जेवलात, तर गाव तुमचं कौतुक करील. मी जेवले, तर ते रोजचंच." मग हळूच म्हणाली, "एस्टी चुकेल माझी."

ज्या गावात तळ्याच्या पाण्यासाठी माणसांनी मार खाल्ला, त्या गावात एका उंबऱ्यापाशी ताईंचे धैर्य संपले. तरीही कोनाड्यातला कप त्यांनी सोडला नाही.

काही वर्षांनी माई गेल्या. दिवसकार्य आटोपताच ताई मला घेऊन पोलादपूरला निघाल्या. सुमतीच्या दारात आम्ही थबकलो, तशी तिची आई म्हणाली, "भायेर का उभी गो बाय? आत ये. घर तुजंच हाय."

चुलीपाशी पाट मांडले गेले. गरम भाकरीची वाफ ताईंच्या चष्म्यावर साचली. तो न पुसताच त्या म्हणाल्या, "सुमती, आता जेवायला ये. आत. अडवायला कुणी नाही."

सुमतीने भाकरी उलटली. "अडवायला कुणी होतं, ताई, तेव्हा यायचं होतं मला."

आम्ही एस्टीने परतलो. ताई घरी आल्या, ओटीवर बसल्या. मागे दार सताड उघडे होते. दिवेलागण झाली, तरी त्यांना आत जाता येईना.