गल्लीच्या मधून गेलेली प्रभागाची हद्द

आज आमच्या गावच्या प्रभागरचनेच्या सुनावणीला लातूरला शेजारच्या रुक्मिणमावशींसोबत गेले होते. मावशी यंदा निवडणुकीला उभ्या राहणार होत्या. पण त्यांना मतं देणाऱ्या, आमच्या गल्लीतल्या समोरच्या घरांच्या ओळीतल्या बायका नव्या नकाशात दुसऱ्या प्रभागात गेल्यात.

"साहेब, नाला गल्लीच्या मागं हाय. मग हद्द नाल्यावरनं न जाता गल्लीच्या मधून कशी काय गेली?" मावशींनी सुनावणी घेणाऱ्या साहेबांना विचारलं.

"लोकसंख्या बसवावी लागते, मावशी."

"नगरसेवकाचे भाऊ गावभर पांगलेत, ते बरे एकाच प्रभागात बसले!"

सगळे हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "पुढची हरकत."

लातूरच्या बसस्टँडवर मावशी म्हणाल्या, "जाऊ दे. कुणाला सांगू नको, मी उभी राहणार होते म्हून."

मला रागसुद्धा आला नाही.

ज्यांना निवडणुकीतून काहीच मिळवायचं नाही, अशांनीच हद्द आखावी, हे मागणं फार आहे का?