नोंद ठेवावी की काढावी

उत्तमराव साळवींनी सव्वीस वर्षं एक मासिक चालवलं. 'बाजारपाऊल' त्याचं नाव. कथा-कवितांचं नव्हे हो, सेल्समन लोकांचं. साबण, बिस्किटं, टूथपेस्टचे नमुने घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या, विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्या माणसांचं. कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी बंद, दुकानदार तोंड फिरवून बसला तर बोलणं कुठून काढायचं, माल नजरेसमोरच्या फळीवर कसा लावून घ्यायचा, असलं सगळं त्यात असायचं. लिहायचे तेच, तपासायचे तेच, आणि पत्ते चिकटवायला बायको, अंबिकाबाई. २००४ साली मासिक बंद पडलं. दोन वर्षांनी अंबिकाबाई गेल्या. मुलगा कौस्तुभ बंगलोरला. त्याचा दर रविवारी फोन यायचा, "बाबा, जेवलात? गोळ्या घेताय ना?" एवढं विचारलं की ठेवला.

नवघरच्या त्या वन-रूम-किचनमध्ये उत्तमरावांना घर खायला उठायचं. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरीचा फोन आला तर आपण काय करतो? कट करतो. उत्तमराव तिला शिकवत बसायचे. "बाळ, आधी माणसाचं नाव विचार, तब्येत विचार, मग कार्डाचं काढ." शेवटी ती पोरगीच कंटाळून फोन ठेवायची. बोला आता!

बिल्डिंगच्या खाली जितेशभाईंचा सायबर कॅफे होता. तिथे उत्तमराव एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले, आणि तिथेच २००८ च्या जानेवारीत त्यांना इंटरनेटवरचा एक मराठी ज्ञानकोश सापडला. त्यात म्हणे कुणीही लिहावं. उत्तमरावांनी चार दिवस खपून 'बाजारपाऊल'वर नोंद लिहिली. खाली नाव टाकलं 'जुना वाचक'. आता हे बरोबर का? मुळीच नाही! आपली आरती आपणच ओवाळायची आणि वर तोंड लपवायचं. त्यांनाही ते कळत होतं. पण दुसरं कोण लिहिणार होतं?

तिसऱ्या दिवशी नोंदीच्या डोक्यावर चौकट आली. 'ही नोंद काढून टाकावी असा प्रस्ताव आहे. सात दिवस चर्चा चालेल.' खाली ज्ञानकोशाच्या दशरथ नावाच्या कुणा संपादकाने लिहिलं होतं, 'हे मासिक फक्त सेल्समन वाचत. त्याच्याविषयी दुसऱ्या कुणी कुठे लिहिल्याचा पुरावा नाही. काढावी.'

"अरे गाढवा, फक्त सेल्समन?" उत्तमराव मोठ्यांदा ओरडले. कॅफेतली सगळी डोकी वळली.

"क्या हुआ, अंकल?" जितेशभाईंनी विचारलं.

"कुछ नहीं. मेरा केस चल रहा है."

संतापाच्या भरात त्यांनी दशरथला लांबलचक उत्तर लिहिलं. त्यावर दशरथचं उत्तर आलं. मग सांगलीची कुणी क्षितिजा मध्ये पडली. 'माझे बाबा साबणाच्या कंपनीत होते. हे मासिक आमच्या घरी यायचं. गावांचे बंदचे वार छापायचे ते हेच ना? बाबा ते पान कापून खिशात ठेवायचे.' उत्तमरावांनी ते तीनदा वाचलं. डोळे पुसले. मग लिहिलं, 'हो ताई, हेच. ते पान चुकू नये म्हणून संपादक स्वतः गावोगाव पत्रं टाकून विचारायचे.'

झालं! रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून म्हातारा खाली हजर. दशरथ म्हणायचा, पुरावा कुठाय? क्षितिजा म्हणायची, उंटावरून शेळ्या हाकू नका, जरा शोधायला मदत करा. मासिक किती गावांत जायचं, संपादक दिसायला कसे होते, असलं काहीबाही ती 'जुन्या वाचका'ला विचारायची. अंबिकाबाई गेल्यापासून उत्तमरावांना इतकं कुणी विचारलं नव्हतं. रविवारी कौस्तुभचा फोन आला तर हेच घाईत. "ठेव रे, माझी माणसं थांबलीयत."

सातव्या दिवशी क्षितिजाला वडिलांच्या ट्रंकेत एका व्यापारी संघटनेची जुनी स्मरणिका सापडली. तिच्यात 'बाजारपाऊल'वर अख्खं पान होतं, तिऱ्हाइताने लिहिलेलं. दशरथ दिलदार निघाला. 'पुरावा मान्य. ठेवावी,' असं त्यानेच लिहिलं. खाली निकाल आला, 'नोंद ठेवली आहे. चर्चा बंद.'

उत्तमरावांनी कॅफेत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शर्ट चढवून पुन्हा खाली. नोंद जागच्या जागी होती. बाकी एक अक्षर नवीन नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. त्यांनी क्षितिजाला लिहिलं, 'ताई, बाबांच्या वाट्याला कुठली गावं होती?' उत्तर नाही. ती त्या भांडणापुरती आली होती, भांडण मिटलं, गेली. तिचं काय चुकलं? नोंद राहिली आणि माणसं गेली, हे मात्र उत्तमरावांना सोसेना. महिना त्यांनी कसाबसा काढला.

मग त्यांनी जे केलं त्याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. 'चौकस' असं नवं नाव घेतलं आणि स्वतःच्याच नोंदीवर चौकट लावली. 'एका स्मरणिकेच्या जोरावर नोंद टिकते का? काढावी.' हिशोब सोपा होता. दशरथ येईल, क्षितिजा तर फणकारत येईल, पुन्हा सात दिवस बोलणं होईल. आणि नोंद? ती काय, क्षितिजा वाचवेलच.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. तीन दिवस झाले तरी नाही. सहाव्या दिवशी त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. 'जुना वाचक' म्हणून दोन ओळी लिहिल्या असत्या तर काम भागलं असतं. त्यांनी टाइपसुद्धा केलं, 'ठेवावी'. मग एकेक अक्षर खोडलं. त्यांचंच त्यांच्याशी भांडण, त्यात कसली आलीय सोबत? दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं. एकाने तरी. उद्या येईल ती, म्हणत ते जिना चढले.

आठव्या दिवशी पान उघडलं तर नोंद नव्हती. निकाल देणारा कुणी नवाच होता. त्याने लिहिलं होतं, 'सात दिवसांत एकच मत आलं, काढावी. त्याप्रमाणे नोंद काढली आहे.'

जितेशभाईंनी काउंटरवरून विचारलं, "क्या अंकल, केस का क्या हुआ? लोग क्या बोले?"

"कोई आया ही नहीं," उत्तमराव म्हणाले.