बारा फुटांचा गिलावा

माझं म्हणणं कुणी पटकन कबूल केलं की मला आधी शंका येते. हा स्वभाव उगाच झालेला नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं कॉइल गुंडाळल्या, त्याही नगावर. जितके नग तितके पैसे. रोज संध्याकाळी सुपरवायझर मोजायचा आणि रोज दोन-तीन नग कमी भरायचे. मग मी घरी निघण्याआधी त्याच्यासमोर मोठ्याने मोजायला लागले. त्यानंतर एकही नग कमी भरला नाही.

यंदा चिंचवडच्या माझ्या वन-रूम-किचनमध्ये पलंगामागची भिंत फुगली आणि एका दुपारी गिलाव्याचा हा एवढा पोपडा उशीवर पडला. मी तेव्हा भाजीला गेले होते म्हणून वाचले. रविवारी मुलगा आला, त्यानं ते बघितलं आणि त्याचं नेहमीचं सुरू झालं. हे घर भाड्यानं दे, पिंपळे सौदागरला आमच्याकडे राहायला ये. त्याचे वडील गेल्यापासून दोन वर्षं हेच ऐकतेय. वर म्हणाला, ही गवंडी मंडळी एकट्या बाईला बघून लुटतात, तुला ते जमायचं नाही.

झालं, माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, आठ दिवसांत वाजवी पैशात भिंत करून घेते. मला कुणी लुटलं तर मी आपण होऊन बॅग भरते, पुन्हा या घराचं नाव काढणार नाही. तो म्हणाला, ठरलं. त्याच्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं विचारून विचारून चहा करायचा, या कल्पनेनंच मला धडकी भरायची. तेव्हा बारा फुटांच्या त्या तुकड्यावर माझं घर लागलं होतं.

आधी चौकशी केली. गल्लीच्या टोकाला नवी इमारत चाललीय, तिथल्या मुकादमाला गिलाव्याचा फुटाचा रेट विचारला. मजुरी चाळीस रुपये, म्हणाला. माझी भिंत तीन बाय चार, म्हणजे बारा फूट. चारशे ऐंशी झाले. वर सिमेंट-वाळू धरून आठशे. हिशोब पाठ करूनच सकाळी मजूर अड्ड्यावर गेले आणि लातूरकडचा एक गवंडी घेऊन आले. त्याची बायकोच त्याची बिगारी होती. त्यानं थापीच्या दांड्यानं भिंत वाजवून बघितली आणि मालासकट अठ्ठावीसशे सांगितले.

अठ्ठावीसशे! मी त्याला माझा हिशोब ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, फुटाचा रेट अख्ख्या इमारतीला असतोय. तुमच्या एवढ्याशा तुकड्याला बी आमची दोघांची दिवसाची हजेरी जाती. इथून दुपारी सुटल्यावर अड्ड्यावर कोण घेतंय आम्हाला?"

मला ती थाप वाटली. बावीस वर्षांत मला कुणी बसल्याचे पैसे दिले नव्हते, मग मी का द्यावेत? मी आठशेवरून बाराशेपर्यंत आले. त्यानं मान हलवली आणि दोघं निघून गेले. रात्री मुलाचा फोन आला तेव्हा मी ही सगळी लढाई त्याला तिखटमीठ लावून सांगितली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर गवंडी आणि त्याची बायको सामानासकट दारात. बाराशेत करतो, म्हणाला. आधी मला गुदगुल्या झाल्या. पण चहा ठेवता ठेवता डोक्यात किडा वळवळायला लागला. परवा मान हलवून गेलेला माणूस आज सोळाशे रुपये कशावर सोडतोय? मी सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचली. वाळू मुठीत घेऊन बघितली. भिंतीवर मी पेन्सिलनं चौकट आखून ठेवली होती, त्यानं तिच्याबाहेरचाही हातभर गिलावा पोकळ निघाला म्हणून काढला. मी कंबर कसून बसले, आता वाढीव मागेल. त्यानं काहीच मागितलं नाही. मग तर माझी खात्रीच पटली, की पाणी कुठंतरी मुरतंय.

पहिला थर मारून दोघं जिन्यात बसून राहिले. मी दोनदा डोकावले. थर ओढल्याशिवाय, म्हणजे जरा सुकल्याशिवाय, वरचा हात मारता येत नाही, मारला तर भेगा पडतात, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. तेही मला आधी खोटंच वाटलं. पण संध्याकाळी भिंत अशी सरळ आली, की हात फिरवून बघितला तरी खोट सापडेना.

मी बाराशे दिले. त्यानं नोटा न मोजता खिशात घातल्या आणि तिथंच तो सापडला. रोजावरचा माणूस पैसे मोजल्याशिवाय खिशात घालत नाही. मी दारात आडवी उभी राहिले आणि विचारलं, बाकीचे कुणी दिले?

तो बायकोकडे बघायला लागला. शेवटी तीच बोलली. "तुमच्या लेकानं दिले. गेटवरच्या वहीत आम्ही लिहिलेला नंबर घेतला. आईला सांगू नका म्हणले."

मला इतका संताप आला की कान तापले. मी कपाटातून सोळाशे काढून त्याच्या हातावर ठेवले आणि त्याला माझ्यासमोर मुलाच्या नंबरवर तेवढेच पैसे परत पाठवायला लावले. ते दोघं जिना उतरेपर्यंत मुलाचा फोन आलाच.

"पैसे परत का आले गं?"

"कारण मी पूर्ण अठ्ठावीसशे दिले," मी म्हटलं. "बारा फुटांना. ठरल्याप्रमाणे मी हरले."

आणि मी कान टवकारले. तो आता म्हणणार, भर बॅग. त्यावर काय काय सुनवायचं ते सगळं माझ्या जिभेवर होतं. पलीकडून सुनेचा आवाज आला, काय झालं म्हणून. त्यानं फोनवर हात ठेवला, मग काढला.

"नाही गं, हरलीस कुठे," तो घाईघाईनं म्हणाला. "भिंत झाली ना? तुला तिथं जमतंय. राहा तू तिथंच."

मी बरं म्हटलं. नाही म्हणायची माझी सगळी तयारी होती, पण ये असं तो म्हणालाच नाही.