बादलीतली माती

इस्पितळाच्या धुलाईखान्यात नवीन बाई कामाला लागली की तिला आधी मावशींच्या शेजारी उभं करत. मळक्या चादरींची गाठोडी सुटायची, आतून काय काय निघायचं ते न सांगितलेलं बरं, आणि नवीन बाई तोंडावर हात दाबून दाराकडे धावायची. मावशी मात्र तसल्या चादरी झटकत झटकत कालच्या भांडणाची गोष्ट पुढे सांगत राहायच्या. "हिला देवानं नाक दिलंय ते नुसतं चष्मा टेकवायला," असं सगळ्या म्हणत. अशा या मावशींना उभ्या जन्मात एकदाच भडभडून ओकारी आली, आणि तीही भाजी बघून.

त्याचं असं झालं. मावशींचे यजमान शहरात बस चालवायचे. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून ते घरी बसून मावशींना चालवू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, रोज ताजी भाजी द्या, शिळंपाकं अजिबात नको. आता ताजी भाजी आणायची कुठून? कोपऱ्यावरच्या दुकानात पालक प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेला असायचा. वरून हिरवागार, आणि पिशवी फोडली की तळाशी काळी, बुळबुळीत लाळ. काकडीला धरायला जावं तर बोट आत.

"अगं, हे खाल्लं तर डॉक्टर पुन्हा टाके उसवून बघतील," यजमान ताट सरकवून म्हणायचे.

मग शेजारणीनं सांगितलं, वाचनालयामागच्या मैदानात रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. शेतकरी स्वतः माल आणतात, मधे दलाल नाही, म्हणजे स्वस्त असणारच. मावशी पिशव्या घेऊन गेल्या. भाव ऐकून पिशव्यांची पुन्हा घडी घालायची वेळ आली. गाजराच्या एका जुडीला जे मागत होते, त्यात कोपऱ्यावर आठवड्याची भाजी आली असती. आणि गिऱ्हाइकं कसली, तर टोमॅटो नाकाशी धरून डोळे मिटणारी. एकीनं तर दुधीला गालाशी लावून फोटो काढला. मावशींच्या अंगावर शहारा आला. "भाजी आहे, नातवंड नाही," त्या पुटपुटल्या आणि परत फिरल्या.

फाटकाशीच एक बाबा भेटले. पांढरी दाढी, भेगाळलेली बोटं, अंगात विटका सदरा. पुढ्यात पाल्यासकट गाजरं, मुळे, बीट, सगळं चिखलानं माखलेलं. भाव इतरांच्या निम्मा.

"पहाटे उपटलीत, ताई," बाबा म्हणाले. "माती अजून ओली आहे. हात लावून बघा."

मावशींनी हात लावला. खरंच ओली होती.

त्या दिवसापासून मावशी बाबांच्या झाल्या. यजमान गाजर कचाकचा चावत म्हणायचे, "याला म्हणतात चव." मावशींनी धुलाईखान्यात बाबांचं एवढं कौतुक केलं की निम्म्या बाया त्यांच्याकडून भाजी मागवू लागल्या. बाबांनी कधी एखादा मुळा वर घातला की मावशी ते घरोघरी सांगायच्या.

एका रविवारी मावशींची दुपारची पाळी होती, म्हणून त्या बाजारात सकाळीच पोचल्या. मांडणी व्हायची होती. बाबा दिसेनात, तेव्हा त्या गाड्यांच्या रांगेमागे गेल्या. बाबा स्टुलावर बसले होते. बाजूला ठोक बाजाराचे शिक्के मारलेल्या पेट्या. पेट्यांतली गाजरं धुतलेली, गुळगुळीत, आरशासारखी. बाबा एकेक जुडी उचलत, बादलीतल्या मातीच्या काल्यात बुडवत आणि पुढे ठेवत. मधेच काला घट्ट झाला. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, पाणी दिसेना, तेव्हा घसा खाकरून बादलीतच थुंकले आणि हातानं ढवळलं.

मावशींनी गाडीचा आरसा धरला.

"आज लवकर, ताई?" बाबांनी विचारलं. चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही.

"ही माती कुठली?"

"त्या झाडाखालची."

कुंपणाजवळच्या त्या झाडाला बाजारात आलेले लोक आपापली कुत्री बांधून ठेवत. झाडाखाली एरवी पाऊल टाकतानाही मावशी वाकडी वाट करून जात.

"तिथे कुत्री पाय वर करतात, बाबा."

"मग तुम्ही काय न धुता खाता?" बाबा शांतपणे म्हणाले. "हे बघा, स्वच्छ गाजर ठेवलं तर कुत्रं ढुंकून बघत नाही. लोकांना शेत पाहिजे. मी कुठून आणू? मी तर आधी गालिचे विकायचो."

मावशींना उत्तर द्यायचं होतं, पण तोंड उघडलं ते ओकायलाच. बाबांनी शांतपणे जुड्या थोड्या लांब सरकवल्या.

तोंड पुसून त्या बाजाराच्या व्यवस्थापकाकडे गेल्या. तो खुर्चीत बसून गाजर पुसत होता.

"आम्हाला कल्पना आहे, मावशी," तो म्हणाला. "पण बाबांमुळे गर्दी होते. गर्दी झाली की खऱ्या शेतकऱ्यांचंही चार पैशांचं खपतं. आता त्यांना उठवायचं म्हणजे सगळ्यांच्याच पोटावर पाय."

"गाजर कुणाकडचं?"

"बाबांकडचं," म्हणून त्यानं मोठा घास घेतला. मावशींनी त्याला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुलाईखान्यात सगळं सांगून टाकलं. आपण ज्याची एवढी तारीफ केली तो असा निघाला, हे सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशिनवरची बाई हळूच म्हणाली, "मी मुळे नुसते पुसून खायचे. मातीत गुण असतो म्हणाले होते ते." आणि ती नळाकडे धावली.

पण भाजी तर हवीच होती. शेवटी मशिनवरची बाई, इस्त्रीवाल्या दोघी आणि मावशी रात्रपाळी सुटल्यावर थेट ठोक बाजारात गेल्या. तिथली घाण काय वर्णावी. घोट्याएवढा सडक्या कोबीचा चिखल, त्यात घसरणारे पाय, कोपऱ्यात फुटलेल्या कलिंगडांवर बसलेल्या माश्या, उंदीर तर पाळल्यासारखे. हमाल अंगावर ओरडत होते. तिथे कुणी कुणाला ताई म्हणत नव्हतं. मावशींनी रुमालानं नाक झाकलं. धुलाईखान्यातल्या बायांनी हे पहिल्यांदाच पाहिलं. पण अख्खी पेटी कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा कितीतरी स्वस्त पडली आणि वाटून घेतल्यावर प्रत्येकीच्या पिशवीत कडक, रसरशीत माल आला.

घरी यजमान गाजर चावत म्हणाले, "बरं आहे. पण बाबांच्या गाजराची सर नाही."

"अहो, त्याच शिक्क्याच्या पेटीतलं आहे."

"काहीतरीच. त्याला मातीचा वास होता."

मावशींनी थुंकीचं त्यांना सांगितलं होतं, झाडाचं सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. टाके अजून ओले होते, ओकारीनं उसवले असते.

पुढे यजमान बरे झाले, डेपोत हलक्या कामावर जाऊ लागले. धुलाईखान्यातली एक पेटी वाढून तीन झाल्या. मावशी दर आठवड्याला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, शिव्या घालत त्या चिखलात उतरतात, पालक निवडतात, वांगी निवडतात, आणि गाजरं मात्र दुसरीला उचलायला लावतात.