आत्याची पुडी

जिन्याखालच्या एवढ्याशा जागेत आत्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. ती तिथे कुणाचीच सख्खी आत्या नव्हती, पण इस्त्र्या नि मिक्सर घेऊन येणारा अख्खा रस्ता तिला आत्याच म्हणायचा, आणि तीही हक्काने सगळ्यांना झापायची. तिचा एक नेम होता. यंत्रातून काढलेला भाग, मग तो जळका का असेना, ती पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची. "तुमचं तुमच्याकडे. उद्या म्हणाल, आत्याने ढापलं."

एका दुपारी समोरचा सलूनवाला चोरासारखा इकडेतिकडे बघत आला. काखेत दिव्यांची माळ.

"आत्या, हिचं लुकलुकणं बंद कर. पण बाहेरून कळता कामा नये."

"बटण दाब की. सरळ जळायचाही मोड असतो त्यात."

"दाबतो ना! पण दुकान उघडून स्विच लावला की हिचा नाच पुन्हा सुरू. काल गिऱ्हाइकाचे कल्ले कोरताना ऐन वेळी अंधार. कान थोडक्यात वाचला बिचाऱ्याचा."

"मग काढून टाक."

सलूनवाला माळेची वायर बोटाला गुंडाळू लागला. एका कात्रीवरून भांडून घर सोडून गेलेला त्याचा धाकटा भाऊ इतक्या वर्षांनी परत आला होता, आणि येताना ही माळ घेऊन आला होता. आरशाभोवती त्यानेच ती हौसेने लावली होती. राग तर कायम त्याच्या नाकावर.

"काही बोललो तर पुन्हा जाईल गं तो," सलूनवाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

रडणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं, हे आत्याला कधीच कळत नसे. तिने खेकसून त्याला स्टुलावर बसवलं. माळेची डबी उघडली, लुकलुकायचं ठरवणारी चिप काढली, तारा थेट जोडल्या. बटण मात्र जागच्या जागी ठेवलं. दाबलं की टक वाजायचं, व्हायचं काहीच नाही. दिवे शहाण्यासारखे एकसारखे जळू लागले. सलूनवाला इतका खूश झाला, की पुडी न घेताच पळाला.

संध्याकाळी धाकटा प्लगची पिन घ्यायला आला. आत्या एका हट्टी मिक्सरशी झटत होती. "हे घे रे, तुमच्या माळेतून काढलेलं," असं सवयीने म्हणत तिने पुडी त्याच्या हातात दिली, आणि पुढच्याच क्षणी तिने जीभ चावली.

धाकट्याने पुडी उलगडली. चिपकडे पाहिलं, रस्त्यापलीकडच्या माळेकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला. पुडी मुठीत धरून तो सलूनकडे निघाला. हातात स्क्रूड्रायव्हर तसाच धरून, स्वतःच्या अकलेला शिव्या घालत आत्या त्याच्या मागे धावली.

सलूनवाला एका म्हाताऱ्याची दाढी करत होता. मजेत शीळ घालत, हात अगदी मोकळा. धाकटा दारातच थांबला आणि बराच वेळ दादाच्या हाताकडे बघत राहिला. मग आत जाऊन त्याने बटण दाबलं. टक. वस्तरा हवेतच थांबला. पुन्हा दाबलं. टक. माळ ढिम्म.

"दादा," धाकटा म्हणाला, "हा मोड सगळ्यात झकास आहे. हाच ठेवू या."

"तुला आवडतो ना? मग हाच," सलूनवाला घाईघाईने म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या दुसऱ्या गालाला नको इतका साबण फासू लागला.

कंगवे धुवायला बाहेर पडताना धाकट्याने दारातल्या आत्याच्या मुठीत पुडी सरकवली. "ही तुझ्याकडेच राहू दे."

आत्या आपला नेम सांगायला तोंड उघडणार होती. मग तिने आत पाहिलं, पुडी कमरेला खोचली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी माल ढापून ती मुकाट्याने दुकानात परतली.