पारासमोरून ट्रॅक्टर

लातूर जिल्हा झाला तेव्हा कवठाळवाडीत पेढे वाटले होते. चार वर्षांनी पेढे वाटणाऱ्यांच्याच घरात प्यायला घोटभर पाणी उरलं नाही. "कलेक्टर जवळ आला अन् पाऊस लांब गेला," असं नागुबाई चारचौघांत म्हणायची. नागुबाई सत्तरीची, तोंडाची तिखट, आणि तिला उलटून बोलायची गावात कुणाची छाती नव्हती.

आडाच्या तळाचे दगड दिसायला लागले तेव्हा सरकारनं टँकर मंजूर केला. टँकर म्हणजे शिवप्पाचा ट्रॅक्टर आणि मागं जोडलेली लोखंडी टाकी. चाकूरच्या अलीकडं एक विहीर होती, तिथं पाणी भरायचं आणि गावात आणून आडात सोडायचं. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता व्यंकटी. गोष्ट मात्र त्याच्या बायकोची, सिंधुची आहे, कारण व्यंकटी काही ट्रॅक्टरवर फार दिवस टिकला नाही. तिसऱ्याच आठवड्यात टाकीचं झाकण लावायला वर चढला, घसरला आणि उजवा हात मोडून घेतला.

दोन दिवस टँकर आला नाही. शिवप्पाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला रस्ता आणि ओढा सारखाच दिसायचा. ट्रॅक्टर चालवता येणारं आणखी एक माणूस गावात होतं, पण त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. सुगीत कडबा भरताना गडी पेंढ्या टाकायचे आणि ट्रॅक्टर हळूहळू पुढं न्यायचा सिंधुनं. स्टेअरिंग धरून बसणं हे हलकं काम, म्हणून बाईला दिलेलं. अशा चार सुग्या गेल्या. रानात तिनं ट्रॅक्टर चालवला म्हणून कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं, कारण रानात पार नव्हता.

पार होता गावात, मारुतीच्या देवळापुढच्या लिंबाखाली. तिथं सकाळपासून सहा म्हातारे बसलेले, आणि त्यांच्यातलाच मधोमध बसणारा ग्यानोबा, सिंधुचा सासरा. सुनेनं पारासमोरून जाताना पदर पुढं ओढायचा, पायातल्या चपला हातात घ्यायच्या, आणि बैलगाडीत असेल तर उतरून चालत जायचं, अशी गावाची रीत. पार ओलांडला की पुन्हा गाडीत बसायला मोकळी. सिंधु बारा वर्षं उतरत होती. ओली बाळंतीण म्हणून माहेराहून आली तेव्हासुद्धा पोराला कवेत घेऊन उतरली होती. आणि आड नेमका पाराच्या पलीकडं होता.

तिसऱ्या दिवशी तिनं शिवप्पाकडून चावी घेतली. घरी विचारलं नाही. टाकी भरून निघाली तेव्हा तिला जरा भीती वाटली, आणि मग एकाएकी फार आनंद झाला. वरून कुंपणापलीकडची रानं दिसत होती. रस्ता पुढं मोकळा पडला होता आणि त्यावर तिला कुणी काही सांगायला नव्हतं. हे काम आपल्याला हवं, असं तिला त्या चार कोसांत स्पष्ट कळलं.

गावात शिरली आणि समोर पार दिसला. बारा वर्षांच्या सवयीनं पाय ब्रेकवर गेला. पारापासून तीस पावलांवर तिनं इंजिन बंद केलं, खाली उतरली, पदर ओढला, चपला हातात घेतल्या आणि मान खाली घालून पारासमोरून चालत थेट आडापाशी जाऊन उभी राहिली. आडाभोवती अख्ख्या गावच्या बाया घागरी घेऊन ताटकळत होत्या.

नागुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आगं बाई, तू आलीस, लई चांगलं झालं. पाणी कुठंय?"

बाया हसून हसून खाली बसल्या. सिंधुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ट्रॅक्टरकडं परत निघाली, तेवढ्यात ग्यानोबानं काठी आपटली. "ग्यानोबाची सून पारासमोरून वर बसून जायची न्हाई!"

आता आली का पंचाईत? टाकी तीस पावलं अलीकडं आणि आड पलीकडं. कुणीतरी म्हणालं, तेवढं अंतर व्यंकटीनं न्यावा. व्यंकटीनं डाव्या हातानं तीस पावलं नेला आणि पाराचा कोपऱ्यावरचा दगड उखडला. दगडाजवळ बसलेल्या गुरुपादप्पाची तंबाखूची पिशवी चाकाखाली गेली. तेव्हा गुरुपादप्पालाच युक्ती सुचली. "आपल्यासमोरून जाऊ नये, येवढंच ना? मग आपुनच तोंड फिरवू की!"

आणि खरोखर तसं ठरलं. रोज दोनदा वेशीत हॉर्न वाजला, की सहा पटके देवळाच्या भिंतीकडं वळायचे. टँकर मागून धडधडत जायचा. आडाशी इंजिन बंद झालं की सहाही जण पुन्हा सरळ होऊन, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं बोलणं पुढं चालू करायचे. रीत राहिली, पाणी आलं. पाहुण्यांना मात्र हा प्रकार समजावून सांगताना गावाच्या नाकी नऊ यायचे.

महिना असा गेला. सिंधु न चुकता दोन खेपा करायची. विहिरीपाशी सांडलेल्या पाण्याच्या चिखलात रुतलेलं चाक तिनं एकटीनं दगड लावून काढलं. एकदा तर व्यंकटीला त्याच ट्रॅक्टरवरून हात दाखवायला चाकूरला नेऊन आणलं.

मग एके दिवशी जिल्ह्याची जीप आली. साहेब टँकरची तपासणी करायला आले होते आणि नेमके टँकरच्या मागोमाग गावात शिरले. बघतात तो सहा म्हातारे भिंतीकडं तोंड करून बसलेले.

"ही मंडळी रुसलीयत का?" साहेबांनी विचारलं.

म्हातारे गडबडीनं वळले. साहेबांनी कागद काढला. कागदावर ड्रायव्हर म्हणून व्यंकटीचं नाव, आणि व्यंकटी समोर गळ्यात हात अडकवून उभा. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ड्रायव्हर नसेल तर टँकर दुसऱ्या गावाला द्यावा लागेल, मागणी खूप आहे, असं ते म्हणाले. मग पळवाट दाखवावी तसा आवाज उतरवून पाराला विचारलं, "ट्रॅक्टर हाच चालवतो ना? तुम्ही तर रोज इथंच असता. दुसऱ्या कुणाला चालवताना पाहिलंय का?"

गुरुपादप्पानं छातीवर हात ठेवला. "देवाशप्पत, साहेब, आमी कुणालाच पाह्यलं न्हाई."

आणि पहिला दिवस सोडला तर ते खोटं नव्हतं. बाकीच्या चौघांनीही माना डोलावल्या. गावाचं पाणी राहत होतं, कागद जुळत होता, साहेबही पेन काढून मोकळे. आडाशी उभ्या सिंधुच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. टँकर जाऊ नये असं तिलाही वाटत होतं. पण महिनाभर जे केलं ते कुणी पाहिलंच नाही, हे ऐकून तिला इतका राग आला, की हातातली चावी आडात फेकून द्यावीशी वाटली.

"म्या पाह्यलंय," ग्यानोबा म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"रोज पाह्यलंय. देवळाच्या दाराला पितळी पत्रा हाय, त्याच्यात सगळं दिसतंय. माझी सून चालवायलीय. लई नीट चालवती. पोराच्या हातात दिला तं त्यानं पार फोडला, हे बगा." त्यानं उखडलेला दगड दाखवला. "टँकर न्यायचा तं न्या, पर तिच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहू नगा."

गुरुपादप्पा महिनाभर पत्र्याकडं न बघता भिंतीकडं बघत होता, याचं त्याला फार वाईट वाटलं.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, उद्याच्या उद्या लातूरला जाऊन बाईंचा शिकाऊ परवाना काढा, तोवर खेपा बंद. परवाना मिळाला की नवऱ्यानं शेजारी बसायचं, महिन्यानं पक्का परवाना.

दुसऱ्या दिवशी ती दोघं एस्टीनं लातूरला जाऊन आली. तिसऱ्या दिवशी भरलेला टँकर गावात शिरला. स्टेअरिंगवर सिंधु, चाकावरच्या पत्र्यावर नवरा, गळ्यातला हात सांभाळत. वेशीत हॉर्न वाजला, पण एकही पटका हलला नाही. पारापासून तीस पावलांवर सिंधुनं मुद्दाम ट्रॅक्टर थांबवला. खाली उतरली नाही. बारा वर्षांत ती पारासमोर एक शब्द बोलली नव्हती.

"मामा," तिनं वरूनच मोठ्यानं विचारलं, "चपला हातात घेऊ का?"

ग्यानोबा घागर घेऊन पारावरून उतरला.

"हातात घेतल्यास तं गाडी कशानं धरशील?" तो ओरडला. "पायात ऱ्हाऊ दे, अन् आण लवकर. दोन दिस झाले, नरडं वाळून गेलंय."